सडा कुणाच्या नावावर?

"ताई, तुमच्या रत्नागिरीत एवढं सगळं आहे, पण रोज फिरायला जायला एक धड बाग नाही गं!"

पुण्याहून चार दिवस राहायला आलेली माझी मावसबहीण असं म्हणाली आणि मला जरा रागच आला. पुण्याच्या माणसांचं असंच असतं. मी लगेच बोटं मोजायला लागले. थिबा पॉइंटला जिजामाता उद्यान आहे, भाट्याला सुरूबन आहे, मांडवीची जेटी आहे, रत्नदुर्ग आहे. ती म्हणाली, "हे सगळं पाहुण्यांना दाखवायचं. तुम्ही बायका रोज पहाटे कुठे जाता?"

"आम्ही सड्यावर जातो."

"सड्यावर?" तिला आधी अंगणातला सडा-रांगोळीचा सडाच आठवला. मग दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घेऊन गेले.

घाटावरच्या मैत्रिणींसाठी सांगते. आमच्याकडे समुद्रापासून थोडं आत आलं की डोंगर नसतात, तर डोंगराची वरची बाजू कुणीतरी सुरीने कापून टाकावी तसे सपाट माळ असतात. सगळा जांभा दगड. माती असली तर चार बोटं, नाहीतर तीही नाही. याला आम्ही सडा म्हणतो. एप्रिल-मेमध्ये बघाल तर काळाठिक्कर तवा! अनवाणी पाय ठेववणार नाही. झाड नाही, सावली नाही. नवीन माणसाला वाटतं, काय ही भकास जागा. पण मिरग लागला, दोन-चार जोराच्या सरी आल्या की हाच तवा हिरवा होतो. आधी दीपकाडीची पांढरी फुलं येतात. ही दीपकाडी जगात फक्त कोकणपट्ट्यातल्या जांभ्याच्या सड्यांवर आणि आसपासच होते. मग श्रावण-भाद्रपदात पाणी साठलेल्या कातळावर गेंदाची पांढरी बटणं आणि सीतेची आसवं, निळी-जांभळी. गौरी-गणपतीच्या दिवसांत सड्यावर उभं राहिलं की कासच्या पठाराचं तिकीट काढायची गरज नाही, असं आमच्यातली एक नेहमी म्हणते.

आम्ही सात-आठ जणी आहोत. कुणाला शुगर आहे, कुणाचे गुडघे, कुणाला फक्त घरातून तासभर बाहेर पडायचं असतं. (हे शेवटचं कारण सगळ्यांचंच आहे, फक्त दोघीच ते कबूल करतात.) बागेत बाईला एकटीने बसायला अजूनही संकोच वाटतो, कोण बघतंय, कोण काय म्हणेल. सड्यावर तसं नाही. तिथे सकाळी आमच्यासारख्या बूट घातलेल्या बायका असतात, तशाच शेणी गोळा करणाऱ्या, गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या, गुरं सोडायला आलेल्याही असतात. कुणी कुणाला विचारत नाही, तू इथे काय करतेस.

रत्नागिरीचा विमानतळ असाच सड्यावर आहे, मिरजोळ्याला. मी लग्न होऊन आले तेव्हा विमानतळ म्हणजे कुणी मंत्री यायचे असले की जागी होणारी जागा, एवढीच माझी समजूत होती. आता तो तटरक्षक दलाकडे आहे. अरबी समुद्रावर लक्ष ठेवायचं तर ते लागणारच, त्यावर वाद नाही. पण गेली काही वर्षं प्रवासी विमान सुरू होणार म्हणून बोललं जातंय, टर्मिनलचं काम हाती घेतलं गेलंय, विस्तारासाठी जमिनी घेण्याचं बोलणं होतं. आणि मग आमच्या भिशीत, दळणाच्या रांगेत, दुधाच्या हिशेबाच्या वेळी एकच विषय. कुणाची जमीन जाणार, कुणाला किती मिळणार, आणि सड्यावरची वाट राहणार की नाही.

मी सुरुवातीलाच सांगून टाकते, विमानतळ नको, असं मला म्हणायचं नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. मुंबई-गोवा महामार्गाचं काय चाललंय ते मी वेगळं सांगायला नको. २०११ पासून चौपदरीकरण ऐकतोय, मुलं शाळेतून कॉलेजात आणि कॉलेजातून नोकरीला गेली. माझ्या चुलतसासऱ्यांना छातीत दुखायला लागलं तेव्हा आंबा घाटातून कोल्हापूरला नेताना गाडीत मी होते. त्या प्रत्येक वळणाला मला वाटत होतं, आत्ता इथून उडता आलं असतं तर. हापूस आंब्याचंही तेच आहे. पेटी जितकी लवकर पोचेल तितका भाव. तेव्हा ज्यांना विमान हवंय ते काही आपले वैरी नाहीत. ते आपल्याच घरातले आहेत.

प्रश्न असा आहे की विमानाला आणि माणसाला मोकळी म्हणून नेमकी एकच जागा आवडते. सपाट, उघडी, झाड नसलेली, इमारत नसलेली, गावाच्या जवळ पण गावात नसलेली. छोट्या शहराच्या कडेला अशी जागा एकच असते. मोठ्या शहरांना चाळीस किलोमीटर लांब जाऊन विमानतळ बांधता येतो. छोट्या गावाचा विमानतळ लांब नेला तर मग मोटारीनेच मुंबईला गेलेलं काय वाईट! म्हणून हे भांडण छोट्या, शहराला चिकटलेल्या विमानतळांच्या वाट्याला जास्त येतं. आणि ते फक्त आपल्याकडे नाही.

अमेरिकेत शिकागो म्हणून शहर आहे, मोठ्या तळ्याच्या काठावर. तळं कसलं, समुद्रच. त्या काठावर भर घालून एक लांबट बेट केलं होतं. शहराचा १९०९ सालचा आराखडा होता, त्यात तळ्याचा काठ लोकांना फिरायला राहावा अशी कल्पना होती. पण १९४८ साली त्याच बेटावर एक धावपट्टी झाली, मेग्ज फील्ड नावाची. एकच पट्टी, छोटी विमानं. व्यापारी, पुढारी, वकील सकाळी उतरायचे आणि चालत ऑफिसात जायचे, इतकी ती शहराजवळ. तुमच्या मुलांनी कधी कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचा विमान उडवायचा खेळ खेळला असेल तर जुन्या खेळात विमान याच धावपट्टीवरून सुटायचं! महापौर रिचर्ड डेली यांना तिथे बाग हवी होती. १९९६ साली त्यांनी विमानतळ बंद केला, राज्य सरकार मध्ये पडलं, पुढच्या वर्षी तो पुन्हा सुरू करावा लागला. मग ३० मार्च २००३ ची रात्र. अंधारात बुलडोझर आले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून गेले. सकाळी वैमानिक येऊन बघतात तर उडायला पट्टीच नाही. सोळा विमानं तिथेच अडकली, शेवटी त्यांना बाजूच्या छोट्या रस्त्यावरून उडवावं लागलं. महापौरांनी कारण दिलं सुरक्षेचं. न्यूयॉर्कचे मनोरे पडून दीडच वर्ष झालं होतं. केंद्रातल्या विमान खात्याने शहराला ३३ हजार डॉलरचा दंड केला, आणि अनुदानाचे दहा लाख डॉलर परत करावे लागले ते वेगळेच.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, चला, एकदा तरी बागेचा विजय झाला! पण पुढचं वाचून ती खुशी थोडी उतरली. २००५ साली त्याच बेटावर गाण्याच्या कार्यक्रमांसाठी रंगमंच उभा राहिला, तिकिटं लावून. मोकळी झाडं-गवतं असलेला, लोकांना चालायला असा भाग नीट तयार होऊन उघडायला २०१५ साल उजाडलं. म्हणजे रात्रीत पट्टी फोडली तरी बाग यायला बारा वर्षं. आणि फोडायची पद्धत? लोकांना न विचारता, अंधारात. आपल्या बाजूने कुणी असं केलं तर आपल्याला बरं वाटतं, पण उद्या तोच बुलडोझर आपल्या वाटेवर आला तर?

त्याच शहराची एक जुनी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १८३६ साली शिकागोचे प्लॉट पाडले तेव्हा नकाशावर तळ्याच्या काठाच्या एका पट्ट्यावर अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की ही जागा सार्वजनिक आहे, इथे कधीही बांधकाम करायचं नाही. एवढंच, एक ओळ. पुढे तिथे कचरा पडायला लागला, रेल्वेच्या शेड आल्या, सरकारी इमारतींचे बेत झाले. तेव्हा मॉन्टगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी, जो टपालाने घरोघरी वस्तू विकायचा, तो १८९० साली कोर्टात गेला आणि वीस वर्षं भांडला. शहरातल्या मोठ्या मोठ्या लोकांनी त्याला नावं ठेवली. पण कोर्टाने प्रत्येक वेळी नकाशावरची ओळ काढून दाखवली. ती बाग आजही आहे.

आता आपला सातबारा काढून बघा. आपल्या सड्याबद्दल त्यावर काय लिहिलेलं असतं?

'पोटखराबा.'

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, शेतजमिनीतला जो भाग लागवडीला येत नाही, कातळ आहे, ओढा आहे, त्याला महसूल खात्याच्या भाषेत पोटखराब म्हणतात. त्यावर शेतसारा नाही, कारण त्यात पीक नाही. म्हणजे इंग्रजांच्या काळापासून सरकारने या जमिनीला एकच प्रश्न विचारला, तू मला काय देणार? तिने काही दिलं नाही, म्हणून ती खराब. पुढे देशभराच्या पडीक जमिनींचे नकाशे निघाले, २००० साली पहिला, मग आणखी. त्यातही 'उघडा खडकाळ भाग' हा एक पडीक प्रकार. भाद्रपदात ज्याच्यावर पाय ठेवताना फुलं चुरडतील म्हणून जीव कासावीस होतो, त्याला कागदावर नाव काय, तर पडीक! मग कुणाही साहेबाला विमानतळ, कारखाना, प्रकल्प यासाठी जागा हवी असली की त्याचं बोट आधी तिथेच जाणार. त्याची तरी काय चूक? त्याच्या कागदावर तिथे काहीच नाही.

सिंधुदुर्गात चिपीला हेच झालं, सड्यावर विमानतळ बांधला, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तो सुरू झाला. मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांना आनंद झाला आणि तो खोटा नव्हता. पुढे मुंबईची फेरी कधी असायची, कधी नसायची. म्हणजे जमीन गेली ती कायमची, विमान आलं ते अधूनमधून. हा हिशेबही मांडायला हवा, तो कुणी मांडत नाही.

गोव्यात मोपाचं पठार. सावंतवाडी-बांद्याच्या बायकांना ते घरच्यासारखं. तिथे धनगरांची वस्ती होती, गुरं होती, काजू होते. विमानतळासाठी ती कुटुंबं उठली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने पर्यावरणाची परवानगी थांबवली. का? तर परवानगीच्या अर्जात आजूबाजूच्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची माहिती नीट दिलेली नव्हती. पुन्हा तीच गोष्ट बघा, कागदावर नाही म्हणजे नाहीच! पुढे जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने काही अटींसह स्थगिती उठवली आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. माझी भाची परवा त्याच विमानतळावरून बंगलोरला गेली, दोन तासांत पोचली. तिला मी काय तोंडाने नावं ठेवू?

आमच्याकडे मिरजोळ्याच्या बाजूच्या एक काकू दूध घालतात. त्यांच्या चार म्हशी आणि दोन गाई. मी त्यांना विचारलं, विमानतळ वाढला तर तुमची जमीन जाणार का? त्या हसल्या. म्हणाल्या, "वैनी, आमची जमीन हायच खुठं? गुरां सड्यावर सोडताव, एवढंच. पैसं मिळतील ते मुंबयवाल्यांना."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कोकणातल्या जमिनींचं तुम्हाला माहीत आहेच. एका सातबारावर तीस-चाळीस नावं. निम्मे लोक गिरगाव-परळ सोडून आता विरार-डोंबिवलीला, काही कधी गणपतीलाही न येणारे. भूसंपादनाची नोटीस येते ती या नावांना. ज्या बाईने तीस वर्षं त्या सड्यावर गुरं चारली, पातेरा गोळा केला, करवंदं विकून मुलीच्या वह्या घेतल्या, तिचं नाव कुठेच नाही. आणि मुलींचं? २००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. पण माहेर तुटायला नको म्हणून किती जणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या, हे प्रत्येकीने आपल्या मनाला विचारावं. सड्याला किंमत नव्हती तोवर भाऊही काही म्हणाले नाहीत. विमानतळाची कुणकुण लागली की हक्कसोडीचे कागद घेऊन भाऊ घरी येतात, सोबत बायकोने केलेल्या करंज्या.

२०१३ साली जो नवा भूसंपादन कायदा आला, त्यात एक चांगली गोष्ट आहे, ती बायकांनी लक्षात ठेवायला हवी. 'बाधित कुटुंब' म्हणजे फक्त जमीनमालक नाही. ज्यांच्या नावावर जमीन नाही पण जे तिथे आधीची तीन वर्षं मजुरी, कसणूक किंवा तसलं काम करत होते आणि ज्यांचं मुख्य पोट त्यावर होतं, तेही बाधित धरता येतात. मात्र हे सिद्ध करायला काहीतरी कागद लागतो. दूध डेअरीला घालत असाल तर तिथल्या पावत्या, गुरांच्या लसीकरणाची नोंद, ग्रामसभेतला ठराव. आमच्या दूधवाल्या काकूंकडे यातलं काहीही नव्हतं. आता त्यांच्या नातवाने गुरांच्या दवाखान्यात जाऊन लसीकरणाची नोंद करून घेतली आहे. त्यांच्या हिशेबाची वही मात्र माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकलेली असते, ती पुरावा म्हणून चालेल का, हे वकिलांना विचारायचं आहे.

सडा नुसता फिरायला आणि गुरांना नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर येतात, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. जांभा भोकाभोकांचा दगड. सड्यावर पडलेलं पाणी काही वाहून जातं, काही भेगांतून आत मुरतं आणि खाली उतरणीला, जिथे वाड्या आहेत, तिथे झऱ्यांतून, विहिरींतून बाहेर येतं. वर डांबर-काँक्रीट पसरलं तर ते पाणी मुरायचं कुठे? ते गटारातून एकदम खाली येणार. पावसात शेताची माती घेऊन जाणार आणि उन्हाळ्यात विहीर कोरडी. हा प्रश्न विमानतळाच्या सभेत पुरुष विचारत नाहीत. त्यांना पाणी भरायचं नसतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं एकतर्फी होईल. विमानतळाच्या तारेच्या कुंपणाआतला सडा तुम्ही बाहेरून बघा, आणि मग कुंपणाबाहेरचा बघा. आत गवत आहे, पावसाळ्यात फुलं आहेत, टिटव्या ओरडत असतात. बाहेर? एका बाजूला चिरेखाण, खोल चौकोनी खड्डे. दुसऱ्या बाजूला कातळाला सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून आंब्याची कलमं. तिसऱ्या बाजूला दगडी खांब पुरून पाडलेले प्लॉट आणि 'सी व्ह्यू'ची पाटी, समुद्र दिसण्यासाठी गच्चीवर शिडी लावावी लागेल ती गोष्ट वेगळी. म्हणजे सडा विमानाने खाल्ला त्याहून जास्त आपणच खाल्ला, थोडा थोडा करून. आमच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या एकीच्या दिराची चिरेखाण आहे. ती सभेत माझ्या शेजारी बसते आणि गप्प राहते. मी तिला दोष देत नाही, तिच्या मुलाच्या इंजिनिअरिंगची फी त्याच खाणीतून गेली.

जर्मनीतल्या बर्लिन शहरात हे अगदी स्पष्ट दिसलं. तिथे टेम्पेलहोफ नावाचं मोठं मैदान होतं, शंभर वर्षांपूर्वी लोक रविवारी डबे घेऊन तिथे जायचे. १९०९ साली ऑर्व्हिल राइटने तिथे विमान उडवून दाखवलं. १९२३ पासून तिथे विमानतळ. दुसऱ्या महायुद्धानंतर रशियाने बर्लिनचे रस्ते अडवले तेव्हा, १९४८-४९ मध्ये, शहराला पीठ, कोळसा, दूध पावडर याच धावपट्टीवरून पोचलं. ऑक्टोबर २००८ मध्ये तो बंद झाला. आणि मे २०१० मध्ये तारेची दारं उघडून लोकांना आत सोडलं. इमारत पाडली नाही, पट्टी फोडली नाही. लोक धावपट्टीवर सायकली चालवायला लागले, पतंग उडवायला लागले, बाया मुलांच्या गाड्या ढकलत फिरायला लागल्या. तीनशे हेक्टरच्या वर मोकळी जागा, शहराच्या पोटात! मग सरकारला वाटलं, कडेकडेने घरं बांधू, एक मोठं ग्रंथालय करू. वाईट बेत नव्हता. पण २५ मे २०१४ रोजी सार्वमत झालं आणि मत दिलेल्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोकांनी सांगितलं, काही बांधू नका. तिथेही घरांची टंचाई आहे, वाद अजून अधूनमधून उफाळतो. आणि गंमत म्हणजे इतकी वर्षं विमानतळ होता म्हणूनच त्या गवतात चंडोल पक्षी टिकले. जमिनीवर घरटं करणारा पक्षी तो, माणसांची वर्दळ त्याला चालत नाही. आता विणीच्या दिवसांत तिथला काही भाग दोरी लावून बंद ठेवतात.

चंडोल आमच्या सड्यावरही आहे, डोक्यावर तुरा असलेला. पहाटे वर वर चढत जाऊन गातो. त्याचं अंडं मी कधी पाहिलं नाही, पण टिटवीची पाहिली आहेत, उघड्या कातळावर चार खड्यांसारखी. आमच्या वाटेवर होती तेव्हा आम्ही पंधरा दिवस वाट बदलली होती.

कागदावर नाव चढलं की काय होतं, याचं उदाहरण लांब जाऊन शोधायला नको. रत्नागिरीच्या सड्यांवर कातळात कोरलेली चित्रं आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. हत्ती, मासे, माणसं. गावातल्या लोकांना काही ठिकाणं माहीत होती, कुणी पांडवांनी काढली म्हणायचे, गुराखी त्यावर बसून भाकरी खायचे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून, लोकांना विचारून त्यांची नोंद करायला घेतली. उक्षीचा हत्ती गावकऱ्यांनी भोवती दगडी गडगा घालून जपला. २०२२ साली उक्षी, जांभरुण, कशेळी, देवीहसोळ, बारसू अशा सड्यांची नावं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तोवर हेच सडे 'पोटखराबा' होते. बारसूला २०२३ च्या एप्रिलमध्ये रिफायनरीच्या माती परीक्षणाच्या वेळी बायका उन्हात सड्यावर बसल्या, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. प्रकल्प चांगला की वाईट यावर त्यांच्या गावातही दोन मतं होती. पण तिथे आता नुसता कातळ नाही, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं.

आमच्या सड्याच्या तुकड्यावर अशी चित्रं नाहीत. निदान आम्हाला सापडलेली नाहीत. मग आमच्याकडे लिहायला काय आहे?

यावर आम्ही सात-आठ जणींनी बरीच चर्चा केली. एकीचं म्हणणं, नगरपालिकेकडे मागणी करून सड्यावर एक रीतसर बाग करून घेऊ. बाकडी, लॉन, कारंजं, कुंपण, नामफलक. मला ते पटलं नाही आणि मी ते बोलले. लॉनला उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार? कुंपण घातलं की गुरं बाहेर, शेणी वेचणारी बाहेर, आणि आत फक्त आम्ही, बूटवाल्या. शिवाय शहराच्या आराखड्यात बागेचं आरक्षण पडलं म्हणजे बाग झाली असं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि आरक्षण सुटू शकतं. राज्यात कितीतरी बागा अशा नकाशावरच सुकल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून राज्यांना सांगितलं, पण तेही ज्या जमिनी कागदावर गायरान, गुरचरण म्हणून आहेत त्यांना. आमच्याकडे सडा बहुतेक खाजगी, सामाईक नावांचा.

शेवटी ग्रामसभेसाठी एक अर्ज केला. त्यात विमानतळाला विरोध नाही. तीनच मागण्या आहेत. विस्तार होणार असेल तर कुंपणाबाहेरून जाणाऱ्या गुरांच्या आणि माणसांच्या वाटा नकाशावर दाखवाव्यात आणि त्या कायम ठेवाव्यात. पावसाचं पाणी कुठे सोडणार ते आधी सांगावं. आणि सड्यावर चरणाऱ्या गुरांची, त्यांच्या मालकिणींची यादी ग्रामपंचायतीने करावी, मालकिणी हा शब्द मुद्दाम घातला. अर्ज स्वीकारणाऱ्याने तो शब्द वाचून वर बघितलं, पण पोच दिली.

पाण्याचं मात्र आम्ही कुणाची वाट बघितली नाही. सड्याच्या खालच्या अंगाला ज्या विहिरी आहेत त्यातल्या पाच निवडल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फिरून येताना दोरीला दगड बांधून सोडायचा, ओली झालेली दोरी शिंप्याच्या टेपने मोजायची आणि दोनशे पानी वहीत लिहायची. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे रकाने आखले आहेत. तारीख, विहीर, पाणी किती, मोजणारीची सही. काठावरच्या एका घरातल्या सासूबाईंनी आधी आम्हाला हुसकावलं, त्यांना वाटलं टँकरच्या यादीतून त्यांचं नाव कापायला आलोय. आता त्या स्वतःच दोरी धरतात आणि त्यांना सही येत नाही म्हणून अंगठा उमटवतात. दूधवाल्या काकूंच्या वाडीतली विहीर सहावी म्हणून घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे. ती जरा लांब पडते, चढही आहे, आणि गुडघेवाल्या दोघी कुरकुरताहेत. येत्या रविवारी तिथे जाऊन बघायचं ठरलंय.